हाल्प त्सेन म्हणजे किती?

कॉलेजात त्यांना सगळे ‘सनावळी सर’ म्हणत. तोंडावर कुणी म्हणत नसे, पण सरांना ते माहीत होतं, आणि खरं सांगायचं तर आवडतही होतं. पहिल्या वर्षाला ‘जगाच्या इतिहासाची ओळख’ हा विषय ते पंचवीसेक वर्षं शिकवत आले होते. तारखा तोंडपाठ. कागद न बघता ते फळ्यावर डावीकडून उजवीकडे अख्खं शतक मांडून दाखवत. पेपरात एखाद्यानं फ्रेंच क्रांतीतला बास्तीयच्या तुरुंगावरचा हल्ला जुलैऐवजी जूनमध्ये घडवून आणला, तर सर अर्धा मार्क कापत आणि समासात लाल शाईनं लिहीत, ‘लोकांना महिनाभर आधीच कशाला दमवलंत?’

मुलं हसत, पण जरा जपून हसत. सरांच्या तासाला हात वर करणं म्हणजे स्वतःहून विंचवाच्या बिळात बोट घालणं, असं जुनी मुलं नव्यांना सांगून ठेवत.

तर अशा या सरांना एके दिवशी प्राचार्य मॅडमनी केबिनमध्ये बोलावलं. जर्मनच्या बाईंना दिवस गेले होते आणि डॉक्टरांनी त्यांना अचानक पूर्ण विश्रांती सांगितली होती. त्यांची रजा मंजूर झाली होती. पण सत्र निम्म्यावर आलेलं, आणि बदली शिक्षक काही केल्या मिळत नव्हता.

“मी सगळ्यांच्या फायली काढून बघितल्या,” मॅडम म्हणाल्या. “तुमच्या अर्जात लिहिलंय, ‘जर्मन भाषेचं ज्ञान’.”

सरांना क्षणभर कळेचना, कुणाबद्दल बोलणं चाललंय. मग आठवलं. तरुणपणी प्रबंधासाठी त्यांनी दोन वर्षं जर्मन शिकून घेतलं होतं. सोळाव्या शतकात तिकडच्या शेतकऱ्यांनी बंड केलं होतं, त्याबद्दलची जुनी पत्रकं वाचायची होती, म्हणून. शब्दकोश मांडीवर घेऊन त्यांनी ती वाचलीही होती. पण जिवंत माणसाशी जर्मन बोलायची वेळ त्यांच्यावर उभ्या जन्मात आली नव्हती.

“मॅडम, मला वाचता येतं. बोलायचं म्हटलं तर...”

“पहिल्या वर्षाचं तर आहे हो सर. ‘माझं नाव अमुक, मला दोन भाऊ आहेत, टेबलावर सफरचंद आहे.’ एवढं तर मलाही येईल.”

‘मग तुम्हीच शिकवा की,’ हे वाक्य सरांच्या ओठांपर्यंत आलं, आणि त्यांनी ते गिळलं. प्राचार्यांसमोर त्यांनी आजवर बरीच वाक्यं गिळली होती. त्यात आणखी एकाची भर पडली.

घरी बायकोला सांगितलं तेव्हा ती जेवणाची ताटं पुसत होती. तिचं चष्म्याचं दुकान होतं. दिवसभर लोकांना ‘आता बरं दिसतंय का? आता?’ असं विचारून विचारून तिला माणसाच्या चेहऱ्यावरून नंबर ओळखायची सवय लागली होती.

“घाबरलात तुम्ही,” ती म्हणाली.

“घाबरायला काय झालं? पहिल्या वर्षाचं तर आहे.”

“मग म्हणून दाखवा काहीतरी.”

सर खुर्चीत ताठ बसले. घसा साफ केला. जर्मनमध्ये ‘मी’ला ‘इश’ म्हणतात. सरांनी एका दमात चार वाक्यं म्हटली. इश शिक्षक आहे, इश इथे राहतो, इश इतिहास शिकवतो, इश अमुक वर्षांचा आहे. अर्थात हे सगळं जर्मनमध्ये.

बायको ताट हातात धरून हसायला लागली. “अहो, प्रत्येक वाक्याला इश्श काय करताय? एवढं काय लाजायचं त्यात? वय सांगतानासुद्धा इश्श?”

सरांना आधी राग आला, मग हसू आलं. त्या हसण्यानं छातीवरचं ओझं जरासं हललं. दुसऱ्या दिवशी वर्गात त्यांनी हाच विनोद सांगितला आणि वर्ग खदखदून हसला. इतिहासाच्या वर्गात आपण कुणाला असं हसवल्याचं सरांना आठवत नव्हतं.

जर्मनचा वर्ग लहान होता. खोलीही लहान, तिसऱ्या मजल्यावर, जिन्याच्या टोकाला. एक उघडी खिडकी, एक न उघडणारी. दहा-बारा जण. त्यात एक नर्स होती, हॉस्पिटलातली ड्यूटी सांभाळून यायची. तिला परदेशात नोकरीसाठी अर्ज करायचा होता आणि त्यासाठी ही पहिली पायरी पास होणं भाग होतं. एक मुलगा होता, ज्याला सगळे ‘भोंगा’ म्हणत, कारण त्याला हळू बोलताच येत नसे. आणि एक मुलगी होती, सदान्‌कदा मोठाले हेडफोन गळ्यात नाहीतर कानावर. सर मनातल्या मनात तिला ‘हेडफोन’च म्हणत. ती त्यांच्या इतिहासाच्या वर्गातही होती. तिथेही ती अशीच, भिंतीकडेला, गप्प.

“ते कानावरचं आधी उतरवा,” हे सरांचं तिला रोजचं वाक्य. ती उतरवी.

पहिले काही आठवडे सरांनी कसेबसे काढले. रात्री धडा वाचायचा, सकाळी शिकवायचा. वर्गाच्या पुढे ते जेमतेम एक पान असत. पण शिकवायची सवय जुनी होती, ती कामी आली. जर्मनमध्ये तीन लिंगं आहेत म्हटल्यावर मुलं कण्हली, तेव्हा सर म्हणाले, “तुम्हाला काय त्याचं? तुमच्याकडे पण तीनच आहेत. तो, ती, ते. रडायचं असेल तर ज्यांच्याकडे एकही नाही त्यांनी रडावं.” मुलगी जर्मनमध्ये नपुंसकलिंगी, हे ऐकून मुलींनी गोंधळ घातला, तर सर म्हणाले, “आणि आपण काय म्हणतो? ते पोरगं. ते लेकरू. भांडायचंच तर आधी घरात भांडा.” सूर्य तिकडे स्त्रीलिंगी आणि चंद्र पुल्लिंगी, यावर भोंगा अख्खा तास हळहळत राहिला.

म्हणजे बरं चाललं होतं, आणि बरं चाललंय म्हटल्यावर माणूस जरा सैल होतो. तसे सर सैल झाले.

वेळ सांगायचा धडा होता. पुस्तकात सोपी पद्धत दिली होती. स्टेशनावर सांगतात तशी, नऊ तीस, पंधरा तीस, वीस पंधरा. आकडे आले की झालं. धडा वेळेआधी संपला. दहा मिनिटं उरली. सरांना वाटलं, आपल्याकडचं काहीतरी जास्तीचं द्यावं. इतिहासाच्या तासाला ते असं नेहमी करत. रेल्वे येण्याआधी प्रत्येक गावाचं घड्याळ कसं वेगळं होतं, फ्रेंच क्रांतीनंतर दिवसाचे दहाच तास करायचा घाट कसा घातला गेला आणि लोकांनी तो कसा धाब्यावर बसवला, अशा गोष्टी त्यांनी इतिहासाच्या मुलांना मागच्याच महिन्यात रंगवून सांगितल्या होत्या. घड्याळ हा तर त्यांचा लाडका विषय.

“हे पुस्तकातलं झालं,” ते म्हणाले. “पण बोलताना लोक असं बोलत नाहीत. बोलताना ते ‘हाल्प’ म्हणतात. हाल्प म्हणजे अर्धा. ‘फीर’ म्हणजे चार. तर ‘हाल्प फीर’ म्हणजे किती?”

“साडेचार!” भोंगा ओरडला.

“शाब्बास. साडेचार.”

सरांनी फळ्यावर घड्याळ काढलं, काटे दाखवले, वर ‘हाल्प फीर’ लिहिलं, आणि मुलांनी ते उतरवून घेतलं. हेडफोननं एकदा मान वर केली, फळ्याकडे बघितलं, सरांकडे बघितलं आणि मान पुन्हा खाली घातली. सरांनी ते पाहिलं, आणि नेहमीप्रमाणे म्हणाले, “कानावरचं उतरवा.”

सत्राच्या शेवटी तोंडी परीक्षा असते आणि ती घ्यायला बाहेरून परीक्षक येतात, हे सरांना माहीत होतं. पण त्या परीक्षक बाई आपल्याला थेट फोन करतील, आणि तोही जर्मनमध्ये, हे त्यांच्या ध्यानीमनीही नव्हतं. त्या निवृत्त दुभाषी होत्या. आयुष्य परिषदांमध्ये कानाला यंत्र लावून गेलेलं. भाषेच्या शिक्षकाशी भाषेतच बोलायचं, हा त्यांचा शिरस्ता.

फोन आला तेव्हा सर स्टाफरूममध्ये पेपर तपासत होते. पलीकडून धबधबा सुरू झाला. सरांची पाचावर धारण बसली. ते उठून खिडकीशी गेले, जणू तिथे रेंजबरोबर जर्मनही चांगलं मिळणार होतं. त्यातले काही शब्द त्यांनी झेलले. ‘मंगळवार’ झेलला. ‘परीक्षा’ झेलला. आणि मग एक ओळखीचा, लाडका शब्द कानावर आला, ‘हाल्प त्सेन’. त्सेन म्हणजे दहा.

“हाल्प त्सेन!” सर इतक्या आनंदानं म्हणाले, की शेजारच्या टेबलावरच्या गणिताच्या बाईंनी वळून बघितलं. “या, या! हाल्प त्सेन!” जर्मनमध्ये ‘या’ म्हणजे हो.

फोन ठेवला आणि त्यांचा जीव भांड्यात पडला. एका जर्मन बोलणाऱ्या माणसाशी आपण फोनवर बोललो आणि समजलं की आपल्याला! लगेच त्यांनी वर्गाच्या ग्रुपवर टाकलं, ‘तोंडी परीक्षा मंगळवारी सकाळी साडेदहा वाजता. सर्वांनी वेळेवर हजर राहावे.’ खाली अंगठ्यांची रांग लागली.

मंगळवारी सर लवकरच निघाले. खोली लावून घ्यायची होती, खुर्च्या मांडायच्या होत्या, परीक्षक बाईंसाठी पाण्याची बाटली ठेवायची होती. तिसऱ्या मजल्यावर चढून दार उघडतात तो आत हेडफोन. पहिल्या बाकावर एकटीच बसलेली.

“तू? इतक्या लवकर? अजून तासभर आहे.”

तिनं न सांगताच हेडफोन उतरवले. “हो सर. सहज आले.”

सर खुर्च्या मांडायला लागले. दोनच मांडून झाल्या असतील, तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली आणि दारात एक उंच, पांढऱ्या केसांच्या बाई उभ्या राहिल्या. खांद्याला पिशवी, नाकावर सोन्याच्या काड्यांचा चष्मा. त्यांनी हसून ‘गुटन मॉर्गन’ म्हटलं, भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट केलं आणि समाधानानं म्हणाल्या, “हाल्प त्सेन!”

सरांनी घड्याळाकडे बघितलं. साडेनऊ वाजले होते. नऊ आणि तीस. काट्यांबद्दल शंकेला जागाच नव्हती.

त्यांनी हेडफोनकडे बघितलं. ती बाकावरच्या कुणीतरी कोरलेल्या नावाकडे टक लावून बघत होती.

आणि मग सरांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. हाल्प त्सेन म्हणजे दहा आणि अर्धा नव्हे. हाल्प त्सेन म्हणजे दहाव्या तासातला अर्धा. नऊ संपले, दहावा अर्धा झाला. साडेनऊ. आणि मग हाल्प फीर म्हणजे साडेतीन. म्हणजे फळा चूक. म्हणजे अख्ख्या वर्गाच्या वह्या चूक. म्हणजे परीक्षा आत्ता आहे, आणि मुलं घरी अंघोळी करतायत.

हातातली खुर्ची त्यांनी तशीच धरून ठेवली, कारण ती सोडली तर आपण पडू असं त्यांना वाटलं.

“वो झिंट डी श्टुडेंटन?” बाईंनी रिकाम्या बाकांकडे बघत विचारलं. विद्यार्थी कुठे आहेत?

आता खरं सांगायचं तर सरांच्या मनात पहिल्यांदा खोटंच आलं. सांगावं, आज बसगाड्या बंद आहेत. सांगावं, रस्त्यात कोंडी आहे. सांगावं, कॉलेजच्या ऑफिसनं चुकीची सूचना लावली. ऑफिसच्या अंगावर ढकललेलं कुणालाही खरं वाटतं. पण पंचाईत अशी, की यातलं एकही वाक्य त्यांना जर्मनमध्ये म्हणता येईना. कोंडीला जर्मनमध्ये काय म्हणतात? सूचनेला काय म्हणतात? त्या पत्रकांतल्या शेतकऱ्यांना वाहतुकीची कोंडी कधी लागली नव्हती. खोटं बोलायला सरांचं जर्मन पुरत नव्हतं.

पुरत होतं ते एकच वाक्य. आठव्या धड्यातलं, भूतकाळाच्या उदाहरणातलं.

“इश हाबं आयनन फेलर गमाख्ट,” सर म्हणाले. मी एक चूक केली आहे.

क्रियापद बरोबर शेवटी आलं होतं. पुस्तकात न बघता, कुणी न पढवता, एका माणसाला काहीतरी सांगायचं म्हणून सरांनी जर्मनमध्ये म्हटलेलं हे आयुष्यातलं पहिलं वाक्य होतं.

बाईंनी भुवया वर केल्या. सरांनी मग घड्याळाकडे बोट केलं, “हाल्प त्सेन” म्हटलं, स्वतःच्या छातीवर हात ठेवला, बोटांनी दहा दाखवले, वर अर्धा दाखवला आणि मान हलवली. त्या मूकनाट्याचा अर्थ बाईंना कळायला थोडा वेळ लागला. कळला तेव्हा त्या जवळच्या खुर्चीत बसल्या आणि चष्मा काढून हसायला लागल्या. हसता हसता मराठीवर आल्या.

“म्हणजे तुम्ही सगळ्यांना साडेदहाला बोलावलंय?”

“हो.”

“आणि शिकवलंयही तसंच?”

“हो,” सर म्हणाले. हे दुसरं ‘हो’ पहिल्यापेक्षा जड गेलं.

“मग साडेदहाला घेऊ. मला दुपारपर्यंत कुठे जायचं नाही. पण एक सांगते, वेळ सांगायचा प्रश्न माझ्याकडे असतो. चित्रातलं घड्याळ दाखवते आणि सगळ्यांना विचारते. तो प्रश्न मी गाळणार नाही.”

“गाळू नका,” सर म्हणाले.

“तुमच्याकडे तासभर आहे. लायब्ररी कुठल्या मजल्यावर?”

त्या गेल्या. सरांनी घाईघाईनं ग्रुपवर टाकलं, ‘ताबडतोब निघा. परीक्षेआधी महत्त्वाचं सांगायचं आहे.’ मग ते हेडफोनसमोरच्या बाकावर बसले.

“तुला माहीत होतं.”

तिनं मान आणखी खाली घातली.

“मी रागावत नाहीये. माहीत होतं ना?”

“हो सर. मी त्यांची कार्टून बघते. म्हणजे ऐकते, येता-जाता.” तिनं गळ्यातल्या हेडफोनला हात लावला. “त्यात सारखं येतं. हाल्प अमुक, हाल्प तमुक. आणि मग शाळा सुटते, तेव्हा घड्याळ दिसतं.”

“मग त्या दिवशी बोलली का नाहीस?”

ती बाकावरच्या कोरीव नावावरून नख फिरवत राहिली. “तुम्ही इतकं खात्रीनं सांगितलंत, सर. मला वाटलं, माझंच काहीतरी चुकत असेल. आणि...” ती थांबली.

“आणि काय?”

“मागे इतिहासाच्या तासाला मी एकदा विचारलं होतं. तुम्ही म्हणालात, ‘आधी वाचून या, मग तोंड उघडा.’ सगळे हसले होते.”

सरांना तो प्रसंग आठवेना. हेच त्यांना जास्त लागलं. ते वाक्य त्यांनी इतक्या जणांना इतक्यांदा म्हटलं होतं, की त्यातली ही कुठली होती, हे शोधूनही सापडलं नसतं.

“आणि आज साडेनऊला का आलीस?”

“परीक्षक बाईंचा फोन जर्मनमध्ये आला, असं कानावर आलं होतं. म्हटलं, साडेनऊ की साडेदहा, दोन्हीपैकी कुठलंही असू दे. मी बसून राहीन.”

सर उठले, खिडकीशी गेले, नेमके न उघडणाऱ्या खिडकीशी, आणि ती ढकलत राहिले. मग वळून म्हणाले, “मी चुकलो. घड्याळातही आणि तिथेही.”

तिनं मान हलवली. ‘असू दे’ म्हणावं तशी.

दहाच्या आत बहुतेक वर्ग गोळा झाला. कुणाचे केस ओले, कुणाच्या हातात अर्धवट खाल्लेलं बिस्किट. नर्स रात्रपाळी करून तडक आलेली, डोळे तांबारलेले. सर फळ्यासमोर उभे राहिले. पंचवीस वर्षं ते फळ्यासमोर उभे राहत आले होते, पण आज खडू हातात धरवत नव्हता.

“मी तुम्हाला चूक शिकवलं,” ते म्हणाले. “पुस्तकात नव्हतं, मी माझ्या मनचं घातलं, आणि ते चूक घातलं. हाल्प फीर म्हणजे साडेचार नाही. साडेतीन.”

वर्ग चिडीचूप. एरवी सरांना अशी शांतता आवडे. आज ती संपेल तर बरं, असं वाटलं.

मग मागून भोंग्याचा आवाज आला. त्याच्या मते तो कुजबुजला होता. “सर, मग अर्धा मार्क कापायचा का?”

नर्स आधी हसली. मग सगळेच. सरही हसले, आणि हसू आल्यावर हातातला खडू हलका झाला.

“पूर्ण कापा. पण आता नीट ऐका, वेळ थोडा आहे. जर्मन माणूस झालेले तास मोजत नाही, चालू तास मोजतो. तीन वाजून गेले की त्याचा चौथा तास सुरू झाला. तो अर्धा झाला की हाल्प फीर. चौथ्यातला अर्धा.”

“उलटंच आहे सर हे,” नर्स म्हणाली. “लक्षात कसं राहायचं?”

आणि इथे सरांच्या मदतीला त्यांचा खरा विषय धावून आला. फळ्याकडे तोंड करून ते क्षणभर थांबले, आणि त्यांना कधीतरी वाचलेलं एकदम आठवलं.

“उलटं? अडीच म्हणजे किती?”

“दोन आणि अर्धा.”

“मग त्या शब्दात दोन कुठे आहे? दाखवा मला. नाहीच. मुळातला संस्कृत शब्द आहे अर्धतृतीय. अर्धा तिसरा. दोन पूर्ण, आणि तिसरा अर्धा. तोच घासून घासून झाला अडीच. जर्मनमध्ये तीनला काय म्हणतात?”

“द्राय.”

“मग हाल्प द्राय म्हणजे?”

वर्गात एक सेकंद गेला. मग भोंगा उभाच राहिला. “अडीच! सर, हाल्प द्राय म्हणजे अडीच! अहो, हे लोक आपलेच निघाले की!”

“दीडचंही तेच. अर्धा दुसरा. हाल्प त्स्वाय. आणि साडेतीनला जुना शब्द आहे औट. औटकीचा पाढा ऐकलाय कुणी? त्यातही चौथाच अर्धा. हाल्प फीर.”

“म्हणजे आपण साडेचारपासून बिघडलो,” नर्स म्हणाली.

“आपण बिघडलो, ते तसेच राहिले. एवढंच लक्षात ठेवा. हाल्प ऐकलं की अडीच आठवायचं.”

मग त्यांनी हेडफोनला पुढे बोलावलं. “तू विचार सगळ्यांना. उच्चार तुझा माझ्यापेक्षा चांगला असणार.” ती आधी संकोचली. मग फळ्यावर भराभर घड्याळं काढायला लागली आणि एकेकाला उठवायला लागली. सर मागच्या बाकावर जाऊन बसले. त्यांनाही तिनं एक घड्याळ विचारलं. सरांनी बरोबर सांगितलं, आणि घाम पुसला.

साडेदहाला, म्हणजे हाल्प एल्फला, परीक्षा सुरू झाली. एकेक जण आत जाई, बाकीचे जिन्यावर बसलेले. सर दाराशी. दार नीट लागत नसल्यामुळे आतलं ऐकू येई, आणि ऐकायचं नाही असं ठरवूनही कान तिकडेच जात. नर्सच्या वेळी बाईंनी घड्याळ दाखवलं. सर दाराकडे सरकले. मग नर्सचा दमलेला, सावकाश आवाज आला, “हाल्प झीबन.” साडेसहा. बरोबर. भोंग्याला नेमकं अडीचचं घड्याळ आलं. ‘हाल्प द्राय’ असं तो एवढ्या मोठ्यानं ओरडला, की खालच्या मजल्यावरच्या वर्गातून कुणीतरी बघायला वर आलं.

सगळे होऊन गेल्यावर बाई बाहेर आल्या. “उच्चार जरा जाडेभरडे आहेत,” त्या म्हणाल्या. “व्याकरण पक्कं. आणि घड्याळ एकजात बरोबर. दरवर्षी निम्मे तिथेच घसरतात.” सरांनी नुसती मान डोलवली. बाई जिना उतरून गेल्यावर ते तिथेच पायरीवर बसले. परीक्षा संपलेल्या पोरासारखं त्यांना वाटत होतं, आणि मुलांनाही ते कळलं असावं, कारण कुणीतरी अर्धं बिस्किट त्यांच्यापुढे केलं. सरांनी ते खाल्लं.

इतिहासाचा वर्ग वर्षभराचा, तो पुढे चालूच राहिला. एकदा सर लिस्बनच्या भूकंपावर बोलत होते. सतराशे पंचावन्न, एक नोव्हेंबर, सकाळी चर्च माणसांनी भरलेली. भिंतीकडून एक हात वर झाला.

“सर, पुस्तकात छप्पन्न दिलंय.”

जुन्या मुलांनी सांगून ठेवलेलं सगळ्यांनाच आठवत होतं. सर फळ्यासमोरच्या चौथऱ्यावरून खाली उतरले, हेडफोनच्या बाकापाशी गेले, तिचं पुस्तक घेतलं, चष्मा वर सारून वाचलं.

“ही खालची ओळ बघितलीस तू. छप्पन्नला युरोपातलं सात वर्षांचं युद्ध सुरू झालं. भूकंप वरच्या ओळीत आहे. पंचावन्नच.” मग पुस्तक परत देत म्हणाले, “पण विचारत जा. मला एकदा बघून घेता येतं.”

ती लाजली नाही, वर्गही हसला नाही. पुढच्या तासाला आणखी दोघांनी हात वर केले, आणि त्यातल्या एकाचं बरोबर होतं.

निकाल लागला. जर्मनमध्ये एक सोडून सगळे पास. तो एकजण परीक्षेला फिरकलाच नव्हता. तो कुठल्याच घड्याळानं आला नसता. नर्सनं पुढच्या पायरीला नाव घातलं, आणि सरांना सांगायला ती खास तिसरा मजला चढून आली.

सुट्टीनंतर जर्मनच्या बाई रुजू झाल्या. बाळ घरी आजीकडे होतं, बाईंचं अर्धं लक्ष फोनमध्ये होतं. सरांनी पुस्तक, हजेरीपट आणि कपाटाची किल्ली त्यांच्या टेबलावर ठेवली, आणि दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी हाल्पची सगळी हकीकत स्वतःच सांगून टाकली. बाई पोट धरून हसल्या.

“सर, पुढच्या वर्षी दोन तुकड्या होतील म्हणतायत. एक तुम्ही घ्याल का? मॅडमना मी सांगते.”

“नको!” सर इतक्या झटकन म्हणाले, की दोघांनाही हसू आलं. “तुमच्या बाळाला आशीर्वाद, तुम्हाला शुभेच्छा, पण मला सोडा.”

स्टाफरूममधून बाहेर पडले तेव्हा त्यांना खरंच हलकं वाटत होतं. उगाच नम्रपणानं म्हणायचं म्हणून नव्हे, अगदी पाठीवरचं पोतं उतरवल्यासारखं. आज रात्री धडा नव्हता. उद्या सकाळी धडा नव्हता. उद्याच्या तासाला होतं ते छापखान्याचं आगमन, आणि ते त्यांना झोपेतही शिकवता आलं असतं. कॉलेजच्या फाटकातून ते घराच्या उलट्या दिशेला वळले आणि बायकोच्या दुकानात शिरले. ती एका म्हाताऱ्या गृहस्थांच्या नाकावर फ्रेम बसवून बघत होती. तिनं नवऱ्याकडे एक नजर टाकली.

“काय हो, सुटलात वाटतं?”

“सुटलो,” सर म्हणाले, आणि गिऱ्हाइकांच्या बाकावर पाय लांब करून बसले. “तुझं होऊ दे. मला काही घाई नाही.”